मुंबई बंदरातली नऊ बोटींची सफर: तारीख ठरवण्याआधी तिथी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. क्लबच्या नऊ बोटी आहेत, पाच शिडाच्या आणि चार इंजिनाच्या. माणसं तीसेक, त्यांत मुलंही आहेत. स्वतःच्या जबाबदारीवर बंदर ओलांडलेले कर्णधार तिघेच. फेब्रुवारीतला एखादा शनिवार-रविवार धरून अपोलो बंदराहून निघायचं, घारापुरीला वळसा घालायचा, रात्री मांडव्याला नांगर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी खांदेरी पाहून परतायचं. हे जमेल का, आणि ताफ्याने जाताना काय सांभाळायचं?

जमेल. मात्र दोन बदल करा. घारापुरी या बेतातून काढून टाका, आणि सुट्टी पाहून तारीख ठरवू नका, तिथी पाहून ठरवा. बाकीचं सगळं या दोन गोष्टींवरून आपोआप सुटत जातं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

कोकण किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकराचा येतो, प्रत्यक्षात मुंबईत भरती बाराच्या आसपास भरते. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक धरून चाला. निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात अपोलो बंदराची वेळ बघायचीच. पण महिनाभर आधी टेबलाशी बसून कुठला शनिवार-रविवार घ्यावा हे ठरवायला पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे, आणि तो प्रत्येक कर्णधाराला तोंडपाठ असावा.

आता तुमच्या मार्गाला लावून बघा. बंदरात भरतीचं पाणी आत, म्हणजे ईशान्येकडे ठाण्याच्या खाडीच्या दिशेने चढतं आणि ओहोटीचं पाणी नैऋत्येकडे उघड्या समुद्राला जातं. तुम्हाला शनिवारी सकाळी बाहेर जायचंय आणि रविवारी दुपारी आत यायचंय. म्हणजे शनिवारी सकाळी ओहोटी हवी, रविवारी दुपारी भरती हवी. रविवारी अष्टमी असेल तर भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरते, आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचं सगळ्यांत खालचं पाणी असतं. आदल्या दिवशी सप्तमी, सगळं पाऊण तास आधी. म्हणजे दोन्ही सकाळी पाणी तुम्हाला बाहेर नेतं आणि रविवारी दुपारी तेच पाणी घरी आणून सोडतं.

शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं; पौर्णिमा-अमावास्येला असतं ते उधाण. उधाणाला मुंबईत पाण्याची चढउतार साडेतीन मीटरच्या वर जाते, भांगाला ती दीड मीटरच्या आसपास राहते. उधाणात बंदराच्या तोंडाशी दोन-तीन नॉटचा ओढ लागतो (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). चार नॉटने चालणाऱ्या शिडाच्या बोटीला तीन नॉटचं पाणी विरुद्ध मिळालं तर ती तासभरात एक सागरी मैल सरकते. नवख्यांना घेऊन जाताना भांग निवडणं यात कमीपणा काही नाही. मी तर शुक्ल पक्षातलीच अष्टमी घ्या म्हणेन, कारण सप्तमीच्या रात्री मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्र आकाशात असतो. नांगरावरच्या बोटी त्या उजेडात ओळखू येतात. कृष्ण पक्षात चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र होते.

वाराही याच वेळापत्रकाला साथ देतो. फेब्रुवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, साधारण ईशान्य-पूर्वेकडून. तो नऊ-दहापर्यंत मरतो. मग तास-दीड तास पाणी आरशासारखं होतं आणि शिडं लोंबकळतात. बाराच्या पुढे समुद्रावरचा खारा वारा वायव्येकडून भरायला लागतो आणि तीन-चारच्या सुमाराला दहा-पंधरा नॉटवर जातो. सकाळी पाठीमागून वारा आणि पोटाखालून ओहोटी, अशा दुहेरी मदतीने अपोलो बंदर ते मांडवा हे साडेसात सागरी मैल सगळ्यांत मंद बोटही दोन तासांत कापते. साडेसातला निघालात तर साडेनऊला मांडव्यात. पहिला दिवस इतका छोटा कशाला, असं कुणीतरी नक्की म्हणेल. पहिला दिवस छोटाच हवा. उरलेल्या वेळात खाऱ्या वाऱ्यावर शिडाच्या बोटींनी सराव करावा, पाण्यात पडलेला माणूस परत घेण्याची कवायत प्रत्येक बोटीने दोनदा करावी. माणसाऐवजी नारळ टाका. नारळ पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतो आणि लाटांत चटकन दिसेनासा होतो, माणसाच्या डोक्यासारखाच. ज्यांनी एकदा हा नारळ शोधून काढलाय त्यांना लाइफ जॅकेट घाला असं परत सांगावं लागत नाही.

घारापुरी का काढायची, तेही सांगतो. ती अपोलो बंदराच्या ईशान्येला सहा सागरी मैलांवर आहे, म्हणजे शनिवारी सकाळी तुम्ही ओहोटीच्या आणि मतलई वाऱ्याच्या तोंडावर जाणार. तिथून मांडवा आणखी दहा मैल, आणि तोवर भरती सुरू होऊन पाणी पुन्हा विरुद्ध झालेलं. नवखी माणसं पहिल्याच दिवशी दमून संध्याकाळी मांडव्याला पोहोचतील आणि नांगर टाकण्याचं सगळ्यांत नाजूक काम थकलेल्या हातांनी करतील. दुसरं असं की, बेटाच्या दक्षिणेकडून न्हावा-शेव्याच्या कंटेनर जहाजांची वाट जाते, वायव्येला जवाहर द्वीपाचा तेलधक्का आहे, उत्तरेला तुर्भ्याकडे अणुसंशोधन केंद्राचा किनारा. क्लबच्या नऊ बोटींनी हौसेने वळसा घालावा अशी ती जागा नाही.

घारापुरीसाठी वेगळा एक दिवस काढा, आणि तो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा. त्या दिवशी सकाळी सहा ते बारा भरती आत नेते, बारा ते सहा ओहोटी बाहेर आणते. जाता-येता दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूने. सोमवार मात्र टाळा, लेणी बंद असतात. आणि ओहोटी अर्ध्यावर यायच्या आत बेट सोडा, कारण उधाणाच्या सुकतीला किनाऱ्याचा चिखल दूरवर उघडा पडतो.

आता ताफ्याबद्दल. समूहाने जाण्यात एक मोठा धोका आहे तो म्हणजे प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. काही वर्षांपूर्वी मी अकरा बोटींच्या ताफ्याचा म्होरक्या होतो. करंज्याच्या बाजूने परतताना मागून सातवी असलेली बोट डोल जाळ्याच्या, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्याच्या दोरात अडकून थांबली. इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळला गेला होता, आणि तिचा वायरलेस ओला होऊन बंद पडला होता. मागच्या बोटींना वाटलं ते मासे धरायला थांबलेत. पुढच्यांना वाटलं मागचे त्यांच्यासोबत आहेत. मी पुढे बघत होतो. ती बोट आमच्यात नाही हे कळायला चाळीस मिनिटं गेली, आणि तेही एका मुलीने आपल्या भावाची बोट दिसत नाही म्हणून विचारलं तेव्हा. बोटीवर चौघे होते, सगळे सुखरूप परतले, एका मच्छीमार नौकेने त्यांना ओढून आणलं. ती चाळीस मिनिटं माझ्या खात्यावर आहेत. त्या दिवसापासून मी मोजणी सोडून कुठलाही ताफा नेलेला नाही.

मोजणी अशी. प्रत्येक बोटीला एक ते नऊ क्रमांक द्या आणि तो दोन्ही बाजूंना पाण्यावरून वाचता येईल एवढा मोठा लावा. दर अर्ध्या तासाला म्होरक्या वायरलेसवर ‘मोजणी’ म्हणतो आणि बोटी क्रमाने फक्त आपला आकडा सांगतात. एक, दोन, तीन. कुणी गप्प राहिला की सगळे वेग उतरवतात, आणि तो सापडेपर्यंत पुढे कुणी जात नाही. गप्पा, मस्करी, ‘आम्हाला डॉल्फिन दिसला’ हे सगळं मोजणीच्या आधी किंवा नंतर. नऊ आकडे म्हणायला वीस सेकंद लागतात.

नऊ बोटींचे तीन-तीनचे गट पाडा. प्रत्येक गटात तुमच्या तीन अनुभवी कर्णधारांपैकी एक, निदान एक इंजिनाची बोट आणि एक-दोन शिडाच्या. गटातल्या बोटींनी एकमेकींच्या हाकेच्या अंतरात राहायचं, म्हणजे हात हलवला तर दिसेल इतकं. सगळ्यांत मंद बोट पहिल्या गटात ठेवा, शेवटच्या गटात नको. शेवटी ठेवली की ती दमते, मागे पडते, आणि तिच्या कर्णधाराला सारखं वाटत राहतं की आपल्यामुळे सगळे खोळंबलेत. पुढे ठेवली की सगळा ताफा तिच्या चालीने चालतो आणि ती चाल आपलीच असल्यासारखी अंगवळणी पडते. सगळ्यांत जोरकस इंजिनाची, ओढायचा दोर तयार ठेवलेली बोट शेवटी. तिचा कर्णधार तुमचा सगळ्यांत शांत माणूस असावा, कारण त्याला दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी बघत बसायचंय.

मोठ्या जहाजांची मुख्य वाट ओलांडण्याचा प्रसंग शनिवारी सकाळीच येणार. इथे बहुतेक क्लब एकच चूक करतात, ते रांगेने जातात. हिशेब करा. दोन बोटींत दोनशे मीटर अंतर धरलं तर नऊ बोटींची रांग सोळाशे मीटरची होते. चार नॉट म्हणजे तासाला साधारण साडेसात किलोमीटर. जहाजांची वाट समजा अर्धा किलोमीटर रुंद आहे, तर एका बोटीला ती ओलांडायला चार मिनिटं लागतात. पण रांगेतल्या शेवटच्या बोटीचं शेपूट वाटेबाहेर पडायला आणखी तेरा मिनिटं. म्हणजे सतरा मिनिटं तुमचा ताफा वाटेत पसरलेला. दहा नॉटने येणारं कंटेनर जहाज सहा मिनिटांत एक सागरी मैल येतं, सतरा मिनिटांत जवळजवळ तीन मैल. म्हणजे तुम्ही ओलांडायला सुरुवात केली तेव्हा जे जहाज क्षितिजावर ठिपका होतं, ते तुमच्या सातव्या बोटीवर येऊन उभं राहू शकतं. त्याला थांबायला मैलाहून जास्त अंतर लागतं, आणि त्याच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकापुढचं कित्येक मीटर पाणी जहाज हाकणाऱ्या माणसाला दिसतही नाही.

म्हणून वाटेच्या कडेला, बोयांच्या (वाटेची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) बाहेर सगळ्यांनी थांबायचं, मोजणी घ्यायची, दोन्ही बाजूंना वाट मोकळी आहे याची खात्री करायची आणि मग आडव्या फळीत, खांद्याला खांदा लावून, काटकोनात एकदम ओलांडायचं. पाच मिनिटांत सगळे पलीकडे. शिडाच्या बोटींनीही त्या पाच मिनिटांपुरतं इंजिन चालू ठेवायचं, वारा कितीही चांगला असो. शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात असं शिकून आलेली माणसं असतात. त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम वाचून दाखवा. अरुंद वाटेत, जे जहाज त्या वाटेबाहेर सुरक्षित चालू शकत नाही त्याला शिडाच्या बोटीने आणि वीस मीटरहून लहान कुठल्याही बोटीने अडथळा करायचा नाही. तुमच्या नऊच्या नऊ बोटी यात येतात.

क्लबात कुणी अमेरिकेत शिडाची बोट शिकून आलं असेल तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे असतो, तिकडे उलट. हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि गडबडीत जुनंच आठवतं.

डोल जाळ्यांविषयी. बंदराच्या तोंडाशी आणि करंजा-रेवस-सासवण्याच्या बाजूला बोंबलासाठी डोली लावलेल्या असतात. पाण्याच्या ओढीवरच त्या चालतात, त्यामुळे जिथे ओढ चांगला तिथे डोल असणारच. वरून फक्त खुंट दिसतात, किंवा प्लास्टिकचे डबे, थर्माकोलचे तुकडे, एखादा काळा बावटा. दोर तिरपा जातो, म्हणून तरंगत्या डब्याच्या अगदी जवळून जाऊ नका, आणि जायचंच तर पाणी ज्या दिशेला वाहतंय त्याच्या उलट बाजूने कधीच नको, दोर तिकडेच ताणलेला असतो. दोर अडकला तर पहिलं काम इंजिन बंद करणं. कापायची वेळ आली तर कापा, पण कुणाचं जाळं आहे हे विचारून भरपाई द्या. सफरीच्या आठवडाभर आधी तुमच्यापैकी दोघांनी मांडव्याला आणि थळला जाऊन तिथल्या नाखवांशी बसून बोलावं, यंदा डोली कुठे आहेत हे नकाशावर मांडून घ्यावं. समुद्राचा जो कागदी नकाशा आपण विकत घेतो त्यात हे काही नसतं. त्या अर्ध्या तासाच्या गप्पांत मला जेवढं शिकायला मिळालंय तेवढं कुठल्या वर्गात मिळालं नाही.

मांडव्याचा मुक्काम हा या सफरीचा सगळ्यांत अवघड भाग आहे, खांदेरी नव्हे. जेट्टीवर गेटवेच्या लाँची येतात, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून गाड्या नेणारी रो-रो बोटही येते. त्यांच्या वाटेपासून पुष्कळ लांब नांगर टाका, आणि कुठे टाकणार हे जेट्टीवर आधी सांगून ठेवा. किनारा वायव्येला उघडा आहे, त्यामुळे दुपारी वारा थेट अंगावर येतो आणि बोटी हिंदकळतात. मुलांना त्या वेळात किनाऱ्यावर उतरवा. सूर्यास्तानंतर वारा पडला की पाणी शांत होतं आणि रात्र चांगली जाते. मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटतो आणि सगळ्या बोटी तोंड फिरवतात. संध्याकाळी सुरक्षित वाटणारं अंतर पहाटे तसंच असेल असं नाही, ते यामुळे.

दोर सोडताना खोली भरतीची धरा, ओहोटीची नव्हे, आणि तिच्या पाचपट तरी सोडा. तळ गाळाचा आहे, नांगर चांगला रुततो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. टाकला की लगेच इंजिन उलटं मारून ओढू नका. पाच मिनिटं बसू द्या, मग हळू ओढून बघा, मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्धा तास लक्ष ठेवा. शिडाची बोट पाण्याच्या ओढीने फिरते, इंजिनाची हलकी बोट वाऱ्याने फिरते, त्यामुळे दोघींना शेजारी ठेवू नका. शिडाच्या एका बाजूला, इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला. चार-पाच बोटी एकमेकींना बांधून चहा-गप्पा कराव्यात, जरूर कराव्यात, ताफ्याने येण्याचं निम्मं सुख त्यात आहे. पण झोपायच्या आधी सोडायच्या आणि प्रत्येकीने आपल्या नांगरावर जायचं. एका नांगरावर चार बोटी बांधून झोपलेला ताफा पहाटे वारा फिरल्यावर एकत्रच किनाऱ्याकडे सरकताना मी पाहिलाय. रात्रीचा पहारा दोन-दोन तासांचा लावा, प्रत्येक गटातून एक माणूस. नांगरावरचा पांढरा दिवा सगळ्यांचा चालू हवा. मासेमारी नौका पहाटे चारला निघतात, त्यांना तुम्ही तिथे आहात हे माहीत नसतं.

रविवारी साडेसातला मांडवा सोडा. खांदेरी सात मैल नैऋत्येला. ओहोटी बरोबर आहे, वारा अजून थोडा आहे, साडेनऊपर्यंत पोहोचाल. वाटेत किहीम-थळच्या किनाऱ्यापासून लांब राहा. उंदेरी आणि थळ यांच्यामधलं पाणी उथळ आणि खडकाळ आहे, सुकतीला तिथून जवळची वाट काढण्याचा मोह नको. खांदेरीवर उतरायचं असेल तर परवानगीचं आधी बघून ठेवा, आणि लाट असेल तर उतरूच नका. बेटाला लांबून फेरी मारूनही पुष्कळ दिसतं.

तिथे पोहोचल्यावर मुलांना एक गोष्ट सांगा, कारण तुम्ही ज्या बोटीत बसलाय तिच्याशी तिचा संबंध आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, खोल बुडाची, वाऱ्यावर अवलंबून. बेटावर मायनाक भंडारी होते, आणि किनाऱ्यावरून लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ह्यांवर रसद आणत. वारा पडला की जहाज जागच्या जागी, होडी मात्र चालतच राहते. बांधकाम थांबलं नाही आणि इंग्रजांना शेवटी माघार घ्यावी लागली. सकाळी दहाला तुमची शिडं लोंबकळत असतील, पाणी आरशासारखं असेल, तेव्हा ही गोष्ट सांगितली तर ती मुलांना समजावून द्यावी लागत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्ये खांदेरी आहे. बेटावरचं दीपगृह १८६७ चं, आणि वेताळाचं देऊळ कोळी बांधवांचं श्रद्धास्थान. दर्याला जाणाऱ्याने तिथे नारळ ठेवायचा असतो. मी ठेवतो.

बाराला सुकती पूर्ण होते. सव्वाबाराला निघा, त्याच्या आधी नको. परतीचे तेरा मैल जवळजवळ सरळ उत्तरेला आहेत आणि वारा वायव्येचा, म्हणजे शिडाच्या बोटींना शीड घट्ट ओढून जेमतेम सरळ जाता येईल. पाणी उचलायला लागलं की ते तुम्हाला आत ढकलतं आणि साडेतीन-चारला तुम्ही अपोलो बंदरात. हेच तुम्ही ओहोटी चालू असताना केलंत तर वाऱ्याच्या तोंडावर बाहेर जाणारं पाणी आदळून बंदराच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. पंधरा नॉट वारा एरवी मजेचा, पण त्या लाटांत लहान बोटीवरचं निम्मं माणूस आडवं होतं. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तुमच्या हातात अडीच तास शिल्लक राहतात. ते अडचणींसाठी राखून ठेवलेत, खांदेरीवर जास्त वेळ रमण्यासाठी नव्हे.

निर्णय कुठे घ्यायचे तेही आधी ठरवा. माझ्या ताफ्यात तीन जागा असतात. शनिवारी निघताना, रविवारी मांडव्याहून निघताना, आणि खांदेरीवर. वारा वीस नॉटच्या वर जाण्याचा अंदाज असेल किंवा सकाळच्या धुरकटात दोन मैलांवरचं दिसत नसेल, तर पुढे नाही. फेब्रुवारीत मुंबईच्या पाण्यावर हे धुरकट अनेकदा असतं आणि नऊपर्यंत उठतं, तेव्हा तासभर थांबून बघा. नऊपैकी कुठल्याही एका कर्णधाराने ‘मला जायचं नाही’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही. त्याच्यासोबत एक बोट परत जाते. एकट्याला कधीच परत पाठवायचं नाही. हा नियम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो वापरणाऱ्याला संकोच वाटत नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिन चाचणीतली वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. दुपारची वेळ होती, समुद्र शांत होता, मदत जवळ होती. तरीही इतकी माणसं गेली. त्या बातमीनंतर माझ्या बोटीवर धक्का सोडण्याआधी पट्टे बांधले जातात आणि धक्क्याला लागल्यावरच सुटतात. मुलांचे मापाचे हवेत. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

कागदपत्रांचं एक मिनिटात. प्रत्येक बोटीची नोंदणी आणि विमा चालू हवा. सफरीची तारीख, मार्ग, बोटींची नावं आणि माणसांची यादी सागरी पोलिसांना आणि बंदर अधिकाऱ्यांना लेखी द्या. २००८ च्या हल्लेखोरांनी हाच समुद्र वापरला होता, त्यामुळे अनोळखी नऊ बोटी एकदम दिसल्या की विचारपूस होणारच, आणि व्हायलाच हवी. नौदलाच्या गोदीपासून आणि तेलधक्क्यांपासून लांब. वायरलेसवर चॅनल १६ वर कान कायम, गटाचं बोलणं वेगळ्या चॅनलवर. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक बोटीवर सुकाणूजवळ लिहून चिकटवा. इंधनाचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेला तसाच. जेवण साधं, दशम्या-चटणी, केळी, भरपूर पाणी. समुद्रावर पहिल्यांदा येणाऱ्यांनी तळलेलं खाऊ नये आणि उपाशीही राहू नये.

आणि किनाऱ्यावर एक माणूस ठेवा. त्याच्याकडे यादी, मार्ग आणि प्रत्येक टप्प्याच्या वेळा. मांडव्याला पोहोचल्यावर, खांदेरी सोडताना आणि परतल्यावर त्याला फोन. ठरलेल्या वेळेनंतर तासभर फोन आला नाही तर त्याने कुणाला विचारत न बसता १५५४ लावायचा. रविवारी संध्याकाळी शेवटची बोट आपल्या जागी बांधली जाईपर्यंत आणि त्याला ‘नऊ’ हा आकडा सांगेपर्यंत म्होरक्याने आपली बोट धुवायला घ्यायची नाही.

आता पंचांग काढा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शुक्ल अष्टमी रविवारी किंवा त्याच्या एक दिवस मागे-पुढे कधी येते ते बघा. फेब्रुवारीत नाही जमली तर मार्च घ्या, दुपारचा वारा थोडा जास्त असेल एवढंच. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र खांदेरी नको, लाट वाढायला लागते. तारीख ठरली की नकाशावर तिन्ही टप्प्यांच्या रेघा ओढून, प्रत्येक टप्प्याची भरतीची वेळ बाजूला लिहून मला पाठवा. मी तपासून देईन.